हात उठण्याआधीचा वेळ

हिंसेबद्दल बोलताना आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येतं: "अचानक झालं हो." नवऱ्याने हात उगारला, अचानक. जमाव चालून आला, अचानक. शाळेच्या मैदानात एकाने दुसऱ्याचं डोकं फोडलं, तेही अचानक. मालेगावात उर्दू माध्यमाच्या शाळेत मी वीस वर्षं मराठी शिकवते आहे. या काळात जेवढी मारहाण जवळून पाहिली, निस्तरली किंवा पालकांच्या तोंडून ऐकली, त्यातली खरोखर अचानक झालेली एकही मला आठवत नाही. प्रत्येकीच्या आधी काही दिवस होते, काही महिने होते, कधी कधी वर्षं होती. त्या वेळाबद्दल आपण फार कमी बोलतो. स्वतःला आणि दुसऱ्याला वाचवण्याची संधी मात्र त्याच वेळात असते.

मैदानात मारामारी झाली की मी मुलांना "का मारलंस?" असं विचारत नाही. त्याचं उत्तर ठरलेलं असतं: "पहले इसने मारा." मी म्हणते, "मागच्या आठवड्यापासून सांग." मग हळूहळू निघतं. पहिल्या दिवशी टोपणनाव पडलं. दुसऱ्या दिवशी डबा खाताना त्याच्याशेजारी कुणी बसलं नाही. तिसऱ्या दिवशी चप्पल लपवली. चौथ्या दिवशी सगळ्यांसमोर बापाच्या धंद्यावरून बोललं गेलं आणि पाच जण हसले. पाचव्या दिवशी हात उठला. मारणारा एक, मार खाणारा एक, आणि हसणारे पाच. शिक्षा फक्त मारणाऱ्याला केली तर पुढच्या आठवड्यात तेच घडतं. हसणाऱ्या पाचांपैकी दोघं जरी "बस कर यार" म्हणायला शिकले, तर बरंच काही थांबतं. म्हणून मी जास्त वेळ त्या पाचांवर घालवते.

छडीने हे शिकवता येत नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेत शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी केली, तो कायदा एप्रिल २०१० पासून लागू आहे. तरी आजही पालक येऊन सांगतात, "टीचर, हड्डी हमारी, चमड़ी आपकी." प्रेमाने सांगतात. मी त्यांना चहा पाजते आणि म्हणते, हाडही त्याचं आणि चामडीही त्याचीच. माझ्या हातून मार खाल्लेलं पोर एवढंच शिकेल की ज्याच्याकडे ताकद आहे त्याला मारण्याचा हक्क आहे.

घराच्या आतली हिंसा समजायला मला एका विद्यार्थिनीच्या आईने मदत केली. तिचं नाव, गल्ली काहीच इथे लिहीत नाही. शिष्यवृत्तीच्या अर्जावर सही करायला ती शाळेत आली होती आणि उजवा हात टेबलापर्यंत उचलू शकत नव्हती. "गिर गई थी" म्हणाली. मुलगी खिडकीबाहेर बघत राहिली. त्या दिवशी मी काही विचारलं नाही. फक्त म्हटलं, पुढच्या आठवड्यात एक कागद राहिलाय, परत यावं लागेल. तिसऱ्या खेपेला ती बोलली.

मार सुरू झाला त्याच्या आधी दोन वर्षं गेली होती. आधी मोबाईल गेला, "तुला काय करायचाय?" मग माहेरचं येणंजाणं कमी झालं. मग घरी बसून कांड्या भरण्याचे जे थोडे पैसे मिळायचे ते सासूच्या हातात जाऊ लागले. मग शेजारणीशी बोललेलं खपेना. एकेक करून तिच्याभोवतीची माणसं काढून घेतली गेली, आणि कुणी उरलं नाही तेव्हा हात उठला. हा क्रम मला नंतर दुसऱ्या घरांतही दिसला. गरिबाच्या घरात दिसला आणि बंगल्यातही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांच्या संरक्षणाचा २००५ चा कायदा नीट वाचला तर लक्षात येतं की त्यात मारहाणीच्या बरोबरीने अपमान, धमकी, लैंगिक छळ आणि पैसे अडवून धरणं यांनाही हिंसाच म्हटलं आहे. हा कायदा सगळ्या धर्मांच्या बायकांना सारखाच लागू आहे. राहत्या घरातून कुणी हाकलू शकत नाही, हेही त्यात आहे. घर नवऱ्याच्या नावावर असो की सासऱ्याच्या.

शेजाऱ्यांसाठी महत्त्वाचं आहे ते कलम ४. असा छळ होतोय असं मानायला कारण असेल तर कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतं, आणि सद्भावनेने कळवणाऱ्यावर कसलीही कायदेशीर जबाबदारी येत नाही. "घर का मामला है" म्हणत टीव्हीचा आवाज वाढवणाऱ्यांना हे सांगायला हवं.

त्या बाईने लगेच अर्ज केला नाही. भाऊ आला, दोन बुजुर्ग आले, बैठक झाली. अशा बैठकांत तिला "सब्र कर" सांगणारे चार असतात आणि त्याला "हात उचलायचा नाही" असं सांगणारा एखादाच. त्या दिवशी तो एखादा एक म्हातारे गृहस्थ निघाले. जालिमला मदत करायची तर त्याचा हात धरायचा, या अर्थाची हदीस त्यांनी सर्वांसमोर सांगितली आणि नवऱ्याकडे बघत राहिले. पण मला जास्त उपयोगी वाटली ती शेजारीण. तिने आपल्यापुरतं एक काम ठरवून घेतलं. आवाज चढला की ती जाऊन कडी वाजवायची. मीठ हवंय, दूध फाटलंय, पोराला ताप आहे. काहीही. २००८ साली 'बेल बजाओ' नावाची मोहीम टीव्हीवर आली होती, त्यात हीच युक्ती होती. या शेजारणीने ती जाहिरात पाहिली नव्हती. तिला फक्त एवढं माहीत होतं की दारात कुणी उभं असलं की उठलेला हात खाली येतो.

काही महिन्यांनी एका रात्री कडी वाजवूनही दार उघडलं नाही, तेव्हा तिने ११२ लावला. त्यानंतर अर्ज झाला. आज ती बाई त्याच घरात, वेगळ्या खोलीत, न्यायालयाच्या आदेशाने राहते. सगळं छान झालं असं मी म्हणणार नाही. मुलगी दहावी झाली, आणि आईचा हात आता टेबलापर्यंत पोचतो.

पालकसभेत आया अलीकडे एक मागणी करतात: मुलींना कराटे शिकवा. शिकवावंच. शरीरावर विश्वास बसतो, ओरडायला लाज वाटेनाशी होते, धरलेलं मनगट सोडवून पळता येतं. पण त्याच सभेत मी एक गोष्ट सांगते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षं दाखवतात की बलात्काराच्या दहापैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. अंधाऱ्या गल्लीतल्या अनोळखी माणसासाठी शिकलेला फटका घरातल्या, शेजारच्या, शिकवणीच्या माणसावर उठत नाही. तिथे उपयोगी पडतं ते एवढंच: मुलगी आपल्याला सांगू शकते का? आणि तिने सांगितलं तर आपण आधी "तू तिथे गेलीच कशाला?" असं विचारणार का? मुलग्यांच्या बाबतीतही हेच. त्यांच्यावरही अत्याचार होतात, आणि त्यांना तर सांगायला शब्दही दिलेले नसतात. बालकांवरील लैंगिक अत्याचारासंबंधीच्या २०१२ च्या कायद्यात माहिती मिळालेल्या माणसाने ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हा गुन्हा आहे. शाळेची बदनामी, खानदानाची इज्जत ही कारणं तिथे चालत नाहीत. मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. तो आमच्या प्रत्येक वर्गाच्या दारामागे रंगवलेला आहे.

मोठ्या मुलांना वेगळं सांगावं लागतं. काही पोरं खिशात ब्लेड ठेवतात आणि त्याला 'सेफ्टी' म्हणतात. त्यांना मी कायदा समजावते. स्वतःचा आणि दुसऱ्याचाही जीव वाचवण्यासाठी बळ वापरायचा हक्क कायद्याने दिलेला आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये तो लिहिला आहे. पण त्याला हद्द आहे. बचावासाठी लागेल तेवढंच बळ. हल्ला थांबला की हक्कही थांबला. पोलिसांकडे जायला वेळ होता तर तो हक्क नाही. पळणाऱ्याच्या मागे धावून मारलं तर तो बचाव राहत नाही. "पळून येणं म्हणजे हरणं नाही" हे सोळा वर्षांच्या पोराच्या गळी उतरवणं व्याकरण शिकवण्यापेक्षा अवघड आहे.

आता गल्लीबाहेर जाऊ. मुसलमान म्हणून जमावाची भीती म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. २०१४ मध्ये पुण्याच्या हडपसरला सोलापूरचा एक तरुण नमाजहून परतताना मारला गेला. ज्या फेसबुक पोस्टवरून शहर तापलं होतं तिच्याशी त्याचा काहीही संबंध नव्हता. दाढी आणि टोपी पुरेशी झाली. ही भीती घेऊन आपण जगतो. पण जमावात उभं राहणारा माणूस नेहमी परका असतो, असं मानणं सोयीचं आहे आणि खोटं आहे.

१ जुलै २०१८, रविवार. आमच्या शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याचा आठवडी बाजार. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागायला आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण. मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवा कितीतरी दिवस मोबाईलवर फिरत होत्या. पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेऊन ठेचून मारण्यात आलं. आणि त्याच रात्री आमच्या मालेगावात, आमच्याच वस्तीत, परगावच्या एका कुटुंबाला त्याच संशयावरून जमावाने घेरलं. त्यांच्यात दोन वर्षांचं मूल होतं. काही स्थानिकांनी त्यांना एका घरात घेतलं आणि दार लावलं. पोलिसांनी त्यांना जिवंत बाहेर काढलं.

एकाच दिवशी, तीच अफवा. एका ठिकाणी पाच मृतदेह, दुसऱ्या ठिकाणी पाच जिवंत माणसं. मालेगावचा जमाव काही कमी संतापलेला नव्हता. फरक पडला तो दार लावणाऱ्यांमुळे आणि वेळेत पोचलेल्या पोलिसांमुळे. त्या रात्री बाहेर ओरडणारे आमचे होते, आणि दार लावणारेही आमचेच. यातल्या कोणत्या बाजूला आपली मुलं उभी राहतील, हे त्या रात्री ठरत नाही. त्याच्या बरंच आधी ठरतं.

त्या काळात देशभर फिरलेल्या व्हिडिओंपैकी एक कराचीचा होता. मुलांच्या सुरक्षेसाठी बनवलेली ती जाहिरात होती. मोटारसायकलवरचे दोघे मूल उचलतात आणि मग परत आणून सोडतात, पालकांना सावध करण्यासाठी. शेवटचा भाग कापला आणि उरलं ते अपहरण. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली. १७ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळी रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षकाच्या दर्जाचा अधिकारी नेमायला सांगितलं. आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३ मध्ये पाच किंवा अधिक जणांनी मिळून जात, समुदाय, भाषा अशा कारणावरून केलेल्या खुनाला फाशी किंवा जन्मठेप आहे. हे सगळं हवंच. पण यातलं काहीही घरातल्या मोबाईलवर अंगठा ठेवून बसलेल्या माणसाला त्या क्षणी थांबवत नाही.

दहावीच्या मराठीत उपयोजित लेखनात बातमीलेखन असतं. कधी घडलं, कुठे घडलं, कुणी सांगितलं, हे नसेल तर बातमीला गुण नाहीत. मी मुलांना घरी आलेले संदेश वहीत उतरवून आणायला सांगते आणि त्यांना बातमीलेखनाचे गुण द्यायला लावते. दहापैकी शून्य, दहापैकी एक. मग मुलं घरी जाऊन वडिलांच्या मोबाईलला गुण देतात. एका वडिलांनी तक्रार केली, "टीचर, लड़का मुझे फेल कर रहा है." करू द्या म्हटलं.

अफवेला उत्तर देणारी आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे ओळख. भिवंडी हे आमच्यासारखंच यंत्रमागाचं शहर. १९७० मध्ये तिथे मोठी दंगल झाली, जळगाव आणि महाडलाही तिची झळ लागली. न्यायमूर्ती मदन आयोगाने तिची चौकशी केली. १९८४ मध्ये भिवंडी पुन्हा पेटली. १९८८ मध्ये सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त होते. त्यांनी मोहल्ला समित्या सुरू केल्या. प्रत्येक मोहल्ल्यातले हिंदू-मुसलमान सारखे, आणि त्या भागाचा साधा पोलीस शिपाई त्यांच्याबरोबर. समित्या शांततेवर भाषणं करत नव्हत्या. नळाचं पाणी, गटार, पोरांची भांडणं, मिरवणुकीचा रस्ता असले विषय असायचे. डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली. कारण अफवा आली की विचारायला समोरच्या बाजूचं एक ओळखीचं माणूस होतं, आणि पोलीसही नावाने ओळखीचा होता.

ही ओळख एकदा करून ठेवली की कायमची पुरते, असंही नाही. २००६ मध्ये पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून त्याच भिवंडीत गोळीबारात माणसं गेली आणि जमावाने दोन पोलीस शिपायांना ठार मारलं. ओळख पुन्हा पुन्हा करावी लागते, नव्या मुलांशी, नव्या शिपायाशी.

आमच्या मालेगावात मधून मोसम नदी वाहते. अलीकडे बहुतेक आम्ही, पलीकडे बहुतेक ते. पूल काही फार मोठा नाही. तरी माझ्या वर्गात पलीकडच्या एकाही घरी कधी न गेलेली मुलं असतात. म्हणून जूनमध्ये मी सगळ्यांना वहीच्या शेवटच्या पानावर तीन मोठ्या माणसांची नावं आणि फोन नंबर लिहायला सांगते. अडचण आली तर ज्यांना फोन करता येईल अशी माणसं. एक घरातलं, एक घराबाहेरचं, आणि एक नदीपलीकडचं. पहिली दोन नावं पटापट येतात. तिसऱ्याला मुलं पेन चावत बसतात. मग कुणी वडिलांच्या कापडाच्या व्यापाऱ्याचं नाव आणतं, कुणी डॉक्टरांचं, कुणी मराठी शाळेतल्या क्रिकेटच्या सरांचं. पालकांना ते नाव शोधण्यासाठी फोन करावा लागतो, चौकशी करावी लागते. त्या निमित्ताने दोन घरं बोलतात. पलीकडच्या एका शाळेतल्या माझ्या मैत्रिणीनेही तिच्या वर्गात हाच उपक्रम सुरू केला. तिच्या वर्गातल्या चार वह्यांत माझा नंबर आहे.

आणि तरी माझ्या स्वतःच्या घरात एक प्रश्न सुटलेला नाही. माझा मुलगा मुंबईला शिकतो. मनमाडहून गाडी पकडतो. दाढी ठेवतो, शुक्रवारी टोपी घालतो. ऑगस्ट २०२४ मध्ये धुळे-मुंबई एक्सप्रेसमध्ये, इगतपुरीच्या आसपास, आपल्या मुलीकडे निघालेल्या जळगाव जिल्ह्यातल्या बहात्तर वर्षांच्या गृहस्थांना गोमांसाच्या संशयावरून तरुणांनी मारलं, शिव्या दिल्या. डब्यात माणसं होती. मोबाईलवर चित्रीकरण झालं, म्हणून तर ते आपल्याला कळलं. तो व्हिडिओ पाहून माझ्या आईने मला विचारलं, "पोराला टोपी काढायला सांगशील का?" काढ म्हणणं माझ्याच्याने होत नाही. काढू नकोस म्हणण्याचीही हिंमत होत नाही.

मी त्याला जे सांगते ते असं. वाद सुरू झाला की उत्तराला उत्तर देऊ नकोस, उठून जिथे बायकामुलं आणि कुटुंबं बसली आहेत तिकडे जा. तिकीट तपासनीसाला गाठ. १३९ लाव, तो रेल्वेचा क्रमांक सुरक्षेसाठीही आहे. काही घडलंच तर पुढच्या स्टेशनवर उतरून गुन्हा नोंदव. घटना दुसऱ्या हद्दीत घडली असली तरी कुठल्याही पोलीस ठाण्याला तो नोंदवावा लागतो. आणि दुसऱ्या कुणावर वेळ आली, तो कुठल्याही धर्माचा असो, तर तू गप्प बसायचं नाहीस.

पण यातला अर्धा भाग त्याच्या हातात नाही. तो डब्यातल्या इतरांच्या हातात आहे, म्हणून हे लिखाण वाचणाऱ्या मुसलमानेतर वाचकांशी थोडं बोलते. मारणाऱ्यांशी भांडायची गरज नाही. ज्याला घेरलंय त्याच्याजवळ जाऊन बसा. "चाचा, कुठे उतरणार? पाणी हवं का?" एवढं मोठ्याने विचारा. घेरलेला माणूस एकटा आहे, या हिशेबावरच पुढचा फटका पडत असतो. शेजारच्या प्रवाशाला नाव घेऊन किंवा खुणेने सांगा, "तुम्ही १३९ लावा." सगळ्यांना उद्देशून म्हटलं तर कुणीच लावत नाही, एकाला सांगितलं तर तो लावतो. चित्रीकरण करायचं तर एकाने करावं, बाकीच्यांनी उभं राहावं. आणि नंतर साक्ष द्यायची वेळ आली तर नाव आणि नंबर द्या. हे शेवटचं काम सगळ्यात जड आहे, मला माहीत आहे.

त्या आईच्या शेजारणीने कडी वाजवताना फार विचार केला नव्हता. २०१८ च्या त्या रात्री दार लावणाऱ्यांकडेही विचाराला वेळ नसणार. ज्यांना आधीपासून सवय असते त्यांच्याकडून हे आपोआप होतं. म्हणून सवय आत्ता लावायची आहे, काही घडत नसताना. या महिन्यात आपापल्या वहीच्या शेवटच्या पानावर ती तीन नावं लिहून बघा. तिसरं नाव सुचायला किती वेळ लागतो तेवढा मोजा.